ताप उतरला म्हणून मलेरियाच्या गोळ्या थांबवू नका

पावसाळा सुरू झाला की शाळेच्या हजेरीपटावर त्याची खूण दिसायला लागते. जुलैपासून ऑक्टोबर संपेपर्यंत दर आठवड्याला एखाद-दोन मुलांच्या नावापुढे 'ताप' असे लिहावे लागते. घरी फोन लावला की अम्मी सांगते, "टीचर, मलेरिया निकला. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या चालू आहेत." पाच-सहा दिवसांनी मूल वर्गात येऊन बसते. गोळ्या घेतोस ना, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "बुखार उतर गया, तो अम्मीने बंद केल्या."

आम्ही डॉक्टर नाही. विज्ञान शिकवणारे शिक्षक आहोत. परंतु मलेरियाचा धडा शिकवताना एक गोष्ट वर्षानुवर्षे लक्षात येत गेली. डास कुठे अंडी घालतो, हे मुलांना पाठ असते. टाकी झाका, कूलरचे पाणी बदला, मच्छरदाणी लावा, हेही त्यांना तोंडपाठ असते. औषधाबद्दल मात्र पुस्तकात दोन ओळी असतात आणि घरातल्या मोठ्यांनाही त्यापलीकडे फारसे ठाऊक नसते. म्हणून आज डासांचा विषय बाजूला ठेवून फक्त गोळ्यांबद्दल बोलूया.

रिपोर्टवर काय लिहिले आहे ते आधी पाहा

मलेरिया म्हणजे हिवताप. आपल्या घरांतले वडीलधारे याला 'जाडा-बुखार' म्हणतात. हुडहुडी भरते, मग अंग तापते, मग घाम सुटून ताप उतरतो. हा आजार डास पसरवतो, पण होतो तो प्लाझमोडियम नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हा परजीवी दिसला. मलेरिया डासामार्फत पसरतो याचा पहिला भक्कम पुरावा म्हणजे हा शोध.

आपल्याकडे या परजीवीचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. एक व्हायव्हॅक्स, दुसरा फॅल्सिपेरम. लॅबच्या रिपोर्टवर बहुधा 'पीव्ही' किंवा 'पीएफ' एवढेच लिहिलेले असते. कधी दोन्ही एकत्र सापडतात. मुंबईसारख्या शहरात व्हायव्हॅक्स जास्त. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरमचा जोर असतो. दोन्हींचा ताप बाहेरून सारखाच वाटतो. औषध मात्र वेगळे असते. त्यामुळे "मलेरिया आहे" एवढे कळून भागत नाही. कोणता आहे ते डॉक्टरांना विचारावे आणि रिपोर्ट घरी जपून ठेवावा.

एकेकाळी सरकारी कार्यक्रमातही ताप दिसला की तपासणीचा निकाल येण्याआधीच क्लोरोक्वीनच्या गोळ्या दिल्या जात. आता ते धोरण राहिलेले नाही. आधी रक्त तपासायचे आणि मग औषध, असा नियम आहे. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, किंवा बोटाला टोचून किटवर पंधरा-वीस मिनिटांत निकाल पाहतात. पालिकेचे दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्र, सरकारी रुग्णालय इथे ही तपासणी मोफत होते. गावात आशाताईंकडेही किट असते. ताप आल्यापासून चोवीस तासांच्या आत तपासणी व्हावी, असे सांगितले जाते. त्यामागे कारण आहे. फॅल्सिपेरम असेल तर दोन-तीन दिवसांची वाट पाहणेही महागात पडू शकते.

पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप हटत नसेल तर ती पुन्हा करावी लागते. सुरुवातीला रक्तात परजीवी कमी असतील तर ते पहिल्या पट्टीवर सापडत नाहीत.

आमच्या मोहल्ल्यांत आणखी एक प्रकार फार चालतो. ताप आला की "मलेरिया-टायफॉइड दोनो है" असे सांगून सलाईन आणि इंजेक्शने सुरू होतात. टायफॉइडसाठी केलेली एकटी विडाल तपासणी भरवशाची नसते. पूर्वी कधी झालेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे मलेरियाचे म्हणणे कशाच्या आधारावर आहे, पट्टीवर परजीवी दिसला का, हे विचारण्यात कसला संकोच? डॉक्टरांचा अपमान त्यात होत नाही.

चौदा दिवस कशासाठी?

आता मूळ मुद्दा. व्हायव्हॅक्स मलेरियाला दोन औषधे लागतात आणि त्यांची कामे अगदी वेगळी आहेत.

पहिले औषध क्लोरोक्वीन. हे तीन दिवस घ्यायचे. मोठ्या माणसाला साधारणपणे पहिल्या दिवशी चार गोळ्या, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन, अशा एकूण दहा. लहान मुलांना वजनानुसार. चव कडू असते. रिकाम्या पोटी घेतले तर मळमळते, म्हणून काही खाऊन घ्यावे. हे औषध रक्तातल्या परजीवींना मारते. ताप त्यांच्यामुळेच येत असतो, त्यामुळे ते मेले की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, मूल उठून बसते, खायला मागते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

पण डास चावला तेव्हा परजीवी आधी रक्तात वाढलेला नसतो. तो प्रथम यकृतात, म्हणजे कलेजीत जातो. तिथे वाढून मग रक्तात उतरतो. व्हायव्हॅक्सचे वैशिष्ट्य असे की त्यातले काही परजीवी यकृतातच झोपून राहतात. शास्त्रज्ञांनी त्यांना हिप्नोझोइट नाव दिले आहे, म्हणजे झोपलेला जीव. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही ते जागे होतात आणि ताप परत येतो. क्लोरोक्वीन त्यांना हात लावू शकत नाही. रक्ततपासणीतही ते दिसत नाहीत, कारण ते रक्तात नसतातच.

या झोपलेल्यांसाठी दुसरे औषध आहे. त्याचे नाव प्रायमाक्वीन. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते चौदा दिवस दिले जाते. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस रोज १५ मिलिग्रॅम. गोळी ७.५ मिलिग्रॅमची असेल तर रोज दोन, म्हणजे एकूण २८ गोळ्या होतात. मुलांचा डोस वजनावरून ठरतो.

अडचण इथेच आहे. पहिल्या तीन दिवसांत ताप जातो आणि पुढचे दहा-अकरा दिवस धडधाकट दिसणाऱ्या माणसाला गोळी घ्यायची असते. कामावर जाणारा अब्बा ती विसरतो. मूल तोंड वाकडे करते. नानी म्हणते, "इतनी गरम दवा बच्चे को कायको देते?" आणि सातव्या दिवशी पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. मग नोव्हेंबरात किंवा जानेवारीत, जेव्हा मोहल्ल्यात डास फारसे नसतात, तेव्हा त्याच मुलाला पुन्हा हुडहुडी भरते. घरचे म्हणतात, पुन्हा मच्छर चावला. बऱ्याचदा नवा मच्छर चावलेलाच नसतो. पावसाळ्यातलाच आजार परत आलेला असतो.

हा परत येणारा ताप किरकोळ समजू नये. प्रत्येक वेळी परजीवी रक्तातल्या लाल पेशी फोडतात. ज्या मुलाचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे ते आणखी अशक्त होते. सहामाहीच्या परीक्षेला बसलेले मूल वार्षिक परीक्षेआधी पुन्हा आठवडाभर घरी राहते. रोजंदारीवर जाणाऱ्याचे आठ दिवस बुडतात. शिवाय त्या तापाच्या काळात घरातला डास त्याला चावला तर आजार शेजारच्या खोलीत पोहोचतो. मुंबईतला मलेरियाचा डास, अॅनॉफिलीस स्टिफेन्सी, गच्चीवरच्या टाक्यांत, पिंपांत आणि बांधकामांवर साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दाट वस्तीत एका अर्धवट राहिलेल्या कोर्सचा त्रास एकाच घरापुरता राहत नाही.

घरात आम्ही सुचवतो तो उपाय साधा आहे. कॅलेंडरवर चौदा चौकटींना खूण करायची आणि गोळी घेतली की ती फुली मारायची. हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवावे. मुले हिशेब मोठ्यांपेक्षा कडक ठेवतात. गोळी रोज एकाच वेळी आणि जेवणानंतर घ्यावी, कारण रिकाम्या पोटी प्रायमाक्वीनने पोटात कळा येतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. पण पुन्हा पुन्हा उलटी होत असेल तर घरी प्रयोग करत बसू नये, दवाखान्यात न्यावे.

प्रायमाक्वीन प्रत्येकाला चालत नाही

चौदा दिवसांचा आग्रह धरताना ही दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे.

प्रायमाक्वीन हे औषध १९५० च्या सुमारास अमेरिकेत पुढे आले. कोरियाच्या युद्धातून जहाजाने परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना ते वाटेतच चौदा दिवस दिले जात होते, म्हणजे घरी पोहोचल्यावर ताप उलटू नये. मात्र काही सैनिकांच्या लाल रक्तपेशी या औषधाने फुटू लागल्या. असे का होते याचा शोध घेताना १९५६ मध्ये कळले की त्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एक एन्झाइम कमी होते. (त्यासाठीचे प्रयोग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले, ही त्या काळाची वेगळीच आणि फारशी अभिमानाची नसलेली कहाणी.)

ही कमतरता जन्मजात असते आणि आईकडून मुलाकडे येते. मुलग्यांत जास्त दिसते. एरवी माणूस अगदी ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींना हे कदाचित दुसऱ्या वाटेने ठाऊक असेल. तिथे नाश्त्याला 'फूल' म्हणून जी मोठी शेंगवर्गीय डाळ खातात, तीही अशा काही लोकांना चालत नाही. कारण तेच.

म्हणून प्रायमाक्वीन सुरू करण्याआधी शक्य असेल तिथे जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी करून घ्यावी. घरात कुणाला पूर्वी एखाद्या औषधानंतर कावीळ झाली असेल किंवा लघवी काळपट झाली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. तपासणी झालेली नसेल तर गोळ्यांच्या दिवसांत लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावे. ती काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, चेहरा पांढराफटक पडला, धाप लागली, तर गोळी ताबडतोब थांबवून रुग्णालय गाठावे. ज्यांना ही कमतरता आहे त्यांच्यासाठीही मार्ग आहे. काहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे औषध देतात. ते घरच्या घरी ठरवायचे काम नाही.

गरोदर बाईला प्रायमाक्वीन देत नाहीत. पोटातल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. एक वर्षाखालच्या बाळालाही देत नाहीत. अगदी लहान बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने तसे डॉक्टरांना सांगावे. पण याचा अर्थ गरोदरपणात मलेरियाचे औषधच नाही, असा मुळीच नाही. उपचार न केलेला मलेरिया आई आणि बाळ दोघांनाही धोकादायक असतो. गर्भपात, कमी वजनाचे बाळ, आईला तीव्र ॲनिमिया, असे बरेच काही होऊ शकते. क्लोरोक्वीन गरोदरपणात देता येते. फॅल्सिपेरम असेल तर कितवा महिना आहे हे पाहून औषध निवडतात. आमच्याकडे अजूनही काही घरांत सून पोटुशी असली की "कोई गोळी नक्को" असा सासूबाईंचा हुकूम असतो. मायेपोटीच असतो तो. पण मलेरियात हा हुकूम पाळला तर नुकसान त्याच बाळाचे होते, ज्याच्यासाठी तो काढला.

फॅल्सिपेरम : इथे वेळ नसतो

फॅल्सिपेरम यकृतात झोपून राहत नाही. त्याचा धोका वेगळा आहे. त्याने बाधलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात आणि मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसे यांचा रक्तपुरवठा अडतो. माणूस ग्लानीत जातो, फिट येतात, लघवी बंद होते.

यावर आता एकाच औषधाने उपचार करत नाहीत. क्लोरोक्वीनला फॅल्सिपेरम दाद देत नाही, हे भारतात प्रथम १९७३ मध्ये आसाममध्ये आढळले आणि पुढे ते देशभर पसरले. आता आर्टेमिसिनिन गटातले एक औषध आणि सोबत दुसरे एखादे औषध अशी जोडी देतात. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन अशी जोडी मिळते. त्यातले आर्टेसुनेट तीन दिवस, दुसरे फक्त पहिल्या दिवशी. ईशान्येकडच्या राज्यांत ही जोडी उपयोगी पडेनाशी झाली म्हणून तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन देतात. खासगी डॉक्टर हेच दुसरे औषध आपल्याकडेही लिहून देतात. ते दुधाबरोबर किंवा थोडे तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यावे, तरच अंगात नीट मुरते. सरकारी पाकिटांना वयानुसार वेगवेगळे रंग असतात. मोठ्यांचे पांढरे, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे लाल, पाच ते आठचे हिरवे, एक ते चारचे पिवळे. त्यामुळे थोरल्याचे उरलेले पाकीट धाकट्याला देऊ नये.

फॅल्सिपेरममध्येही प्रायमाक्वीन देतात, पण एकच डोस. त्याने आजारी माणसाला वेगळे काही वाटत नाही. रक्तातले जे रूप डासामार्फत दुसऱ्याकडे जाते ते या डोसने मरते. म्हणजे ही गोळी आपल्यासाठी कमी आणि शेजाऱ्यासाठी जास्त असते.

आर्टेमिसिनिनचा शोधही मोठा विलक्षण आहे. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या चिनी वैद्यकीय ग्रंथांत तापावर सांगितलेली एक वनस्पती तपासायला घेतली. काढा करून गुण येईना. चौथ्या शतकातल्या एका नोंदीत ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितली होती. त्यावरून त्यांच्या ध्यानात आले की उकळल्याने औषध नष्ट होत असावे. कमी तापमानावर अर्क काढला आणि तो उपयोगी पडला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. घरगुती काढ्यावर विश्वास असलेल्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. वनस्पतीत औषध होते हे खरे, पण ते हाती यायला प्रयोगशाळेतले नेमके काम आणि नेमके मोजमाप लागले. गुळवेल, तुळस, पपईच्या पानांचा रस यांनी मलेरियाचा परजीवी मरत नाही. कुणाला दम करून घ्यायचा असेल, दुआ करायची असेल, तर ती तपासणीच्या रांगेत उभे राहूनही करता येते.

एकट्या आर्टेमिसिनिनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भारतात बंदी आहे. कारण परजीवी त्यालाही सरावतो. आफ्रिकेत रवांडा आणि युगांडात तशी चिन्हे दिसू लागली आहेत. मेडिकलमधून "मलेरियाकी दो गोळी दे दो" म्हणून घेतलेला अर्धा डोस परजीवीला मारत नाही, त्याला सरावाची संधी देतो. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसाठी लोक दुकानोदुकानी फिरले होते. कोरोनावर त्याचा उपयोग झाला नाही. तसा उरलेला साठा कुणाकडे असेल तर तो मलेरियाचे औषध म्हणून वापरू नये.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते. पण रिपोर्ट येईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा 'अंगदुखीची स्ट्राँग गोळी' टाळावी. त्याच दिवसांत डेंग्यूही असतो आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

आजारी माणूस बरळू लागला, हाक मारल्यावर नीट उत्तर देईना, फिट आली, पाणीही पोटात टिकेना, श्वास जोरात चालू लागला, डोळे पिवळे झाले, लघवी फार कमी किंवा काळी झाली, तर गोळ्यांची वेळ संपली असे समजावे. तेव्हा शिरेतून आर्टेसुनेटचे इंजेक्शन लागते आणि ते रुग्णालयातच होते. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट पाहू नये.

आजार होण्याआधी घ्यायची गोळी

"पावसाळ्यात आधीच गोळी घेतली तर?" हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारते. इथे राहणाऱ्या सर्वसाधारण कुटुंबाला अशी गोळी घ्यावी लागत नाही. मच्छरदाणी, झाकलेली टाकी आणि ताप आल्याबरोबर तपासणी एवढे पुरते.

जगात काही ठिकाणी मात्र अशा गोळ्या मोठ्या प्रमाणावर देतात. माली, नायजर, बुर्किना फासो, उत्तर नायजेरिया या सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या महिन्यांत आरोग्यसेवक घरोघर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांना दर महिन्याला तीन दिवस औषध देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये ही पद्धत सुचवली. तिथे मलेरियाचा बहुतेक जोर त्या तीन-चार महिन्यांतच असतो आणि बळी लहान मुलेच पडतात, म्हणून तिथे ती उपयोगी ठरते. आपल्याकडची परिस्थिती तशी नाही. लसीचेही तसेच. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ लस आफ्रिकेतल्या मुलांना फॅल्सिपेरमपासून वाचवण्यासाठी आहे. व्हायव्हॅक्सवर ती नाही.

आपल्यापैकी ज्यांना ही गोळी खरोखर लागते ते म्हणजे प्रवासी. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर नोकरी करणारे लोक आहेत. त्यांचे जहाज लागोस, मोम्बासा, दार-ए-सलाम अशा बंदरांत लागते. व्यापारासाठी मोझांबिक, टांझानिया, काँगोकडे जाणारेही आहेत. तिथला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम आहे. गावी कधीतरी मलेरिया होऊन गेला म्हणून तिथे संरक्षण मिळते, असे समजू नये.

अशा प्रवासासाठी डॉक्टर तीनपैकी एक औषध निवडतात. डॉक्सिसायक्लिन रोज एक, निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. ही भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेऊन लगेच आडवे होऊ नये. उन्हाने त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. दुसरे मेफ्लोक्वीन, आठवड्यातून एकदा. ते दोन आठवडे आधी सुरू करायचे आणि आल्यावर चार आठवडे घ्यायचे. ज्यांना फिट येतात किंवा मानसिक आजार आहे किंवा होता, त्यांनी ते घेऊ नये. तिसरे ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, रोज एक, एक-दोन दिवस आधीपासून आणि परतल्यावर सात दिवस. हे महाग पडते. एकटे क्लोरोक्वीन आफ्रिकेसाठी पुरत नाही.

परतल्यावरच्या गोळ्या लोक सर्वांत जास्त चुकवतात. घरी आलो, आता कसला मलेरिया, असे वाटते. पण शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचा हिशेब त्यानंतरच्या गोळ्यांनीच चुकता होतो. आणि गोळ्या पूर्ण घेतल्या तरी पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे, "मी आफ्रिकेतून आलोय."

हज-उमराला जाणाऱ्यांचाही प्रश्न असतो. मक्का, मदिना, जेद्दा इथे मलेरियाचा धोका नाही, त्यामुळे त्यासाठी ही गोळी लागत नाही. सौदी अरेबियात मलेरिया उरला तो येमेनच्या सीमेलगतच्या जाझान भागापुरता.

रमजानबद्दल एक. परतणारा व्हायव्हॅक्स पावसाळा पाहून येत नाही, तो रमजानमध्येही येऊ शकतो. तापाच्या दिवसांत रोजा पुढे ढकलायची सवलत आजारी माणसाला दिलेलीच आहे. नंतर कजा करता येते. अंगात मलेरिया असताना दिवसभर पाण्याविना राहिले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. ताप जाऊन फक्त प्रायमाक्वीन उरले असेल आणि डॉक्टरांनी रोजाला परवानगी दिली, तर ती दिवसातून एकदाच घ्यायची गोळी आहे, इफ्तारनंतर जेवण करून घेता येते. रोजा आहे म्हणून चौदातला एकही दिवस वगळायचे कारण उरत नाही.

घरात आधार कार्ड, रेशन कार्ड ठेवायची जी फाइल असते, तिच्यात मलेरियाचा रिपोर्ट ठेवावा. त्यावर तारीख, पीव्ही की पीएफ, कोणते औषध किती दिवस घेतले आणि जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली असल्यास तिचा निकाल लिहून ठेवावा. वर्षभरात पुन्हा थंडी वाजून ताप आला तर डॉक्टर वेगळा असला, शहर वेगळे असले तरी तो कागद सोबत न्यावा. नवा ताप आहे की जुनाच उलटला आहे, हे ठरवायला त्याची मदत होते.